ड्राय बाल्कनी कॅमेऱ्यात येत नाही

हर्षाली जर्मनीला शिकायला गेली त्याला अकरा आठवडे झाले होते आणि त्या अकराही आठवड्यांच्या नोंदी देवराम खैरनार यांच्या निळ्या फायलीत तारीखवार लावलेल्या होत्या. दर रविवारी सायंकाळी सात ते सात वाजून पंधरा मिनिटे हा मुलीशी बोलण्याचा कालावधी. त्यासाठी स्वतः आखलेले पत्रक, पत्रकात चौदा रकाने: प्रकृती, आहार, अभ्यासाची प्रगती, खोलीचे तापमान, बाहेरचे तापमान, गरम कपडे पुरेसे आहेत किंवा कसे, आणि असेच पुढे. खैरनारांनी तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली होती आणि नाशिकमध्ये सातपूरच्या एका कारखान्यात चौतीस वर्षे देखभाल विभाग सांभाळला होता. यंत्र बंद पडल्यावर धावणारा माणूस त्यांच्या मते अग्निशामक दलाचा. अभियंता तो, जो यंत्र बंद पडूच देत नाही. मुलगी आणि लेथ मशीन यांत फरक असतो हे त्यांना मान्य होते. लेथ मशीनला फोनवर उत्तरे देता येत नाहीत.

हर्षालीला येत होती. "प्रकृती?" "ठीक." "आहार?" "ठीक." "खोलीचं तापमान?" "बघितलं नाही, पप्पा." "बघून सांग, मी थांबतो." अशा रीतीने पत्रक दर आठवड्याला पूर्ण भरले जाई आणि खैरनार समाधानाने खाली सही करीत. अकराव्या रविवारी मात्र चौदाव्या रकान्यात, म्हणजे 'इतर काही असल्यास' या ठिकाणी, जिथे आजवर सतत 'निरंक' लिहिले गेले होते, तिथे हर्षाली अचानक म्हणाली, "काही नाही, पप्पा. कधीकधी घर बघावंसं वाटतं. नुसतं."

खैरनारांनी लिहून घेतले: 'घर दिसत नाही.' पुढे कंसात लिहिले: 'तक्रार.' आणि तक्रारीवर उपाययोजना झाली नाही असे त्यांच्या कारकिर्दीत कधी घडले नव्हते.

"कॅमेरा बसवायचा," त्यांनी सोमवारी सकाळी चहाच्या वेळी जाहीर केले. "हॉलमध्ये. चोवीस तास चालू. तिला हवं तेव्हा तिनं तिकडून उघडायचं, घर पाहायचं, बंद करायचं."

सविताबाई भाकरी थापत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, तिला आठवण येते म्हणून बोलली ती. चोरी झाली म्हणून नाही."

"आठवणीवरच उपाय आहे हा."

सविताबाईंनी पीठ झटकले. नवऱ्याच्या योजनेला विरोध केला की ती दुप्पट मोठी होते, हे तीस वर्षांच्या संसाराने त्यांना शिकवले होते.

द्वारका चौकाजवळच्या एका दुकानातून कॅमेरा आला. दुकानदार म्हणाला होता, "काका, दोन मिनिटांत चालू होतो. लहान मूलसुद्धा बसवतं." खैरनारांना हे वाक्य लागले. लहान मूल बसवते त्या वस्तूला पदविकाधारकाने हात लावण्यात काय अर्थ? त्यांनी दोन मिनिटांचे काम रीतसर करायचे ठरवले, आणि त्याला सात आठवडे लागले.

रीतसर म्हणजे सोसायटीपासून सुरुवात. इंटरनेटची वायर जिन्यातून घरात आणण्यासाठी सामाईक भिंतीला बारा मिलिमीटरचे एक भोक पाडावे लागणार होते. गंगापूर रोडवरच्या त्या इमारतीत आजवर शेकडो भोके कोणालाही न विचारता पाडली गेली होती. ती पाडणाऱ्यांमध्ये सोसायटीचे सचिव किशोर कोठावदे यांचा पहिला क्रमांक होता. पण भोकासाठी परवानगी मागणारा माणूस इमारतीच्या इतिहासात प्रथमच उगवला होता. कोठावदे सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. अर्ज हातात पडताच त्यांच्या चेहऱ्यावर असे तेज आले, की जणू निवृत्तीनंतर कोणी त्यांना परत खुर्चीवर बसवले आहे.

"अर्ज तीन प्रतींत लागेल, खैरनार साहेब."

"आणलेत."

कोठावदे क्षणभर गडबडले. "तांत्रिक तपशिलाचं परिशिष्ट?"

"मागच्या पानावर. परिशिष्ट क."

आपल्याला असा प्रतिस्पर्धी आयुष्यात भेटला नाही, हे दोघांनाही एकाच वेळी जाणवले. कोठावद्यांनी शेवटचे अस्त्र काढले. "मग ठेवतो नोटीस बोर्डावर. पंधरा दिवस. कुणाची हरकत आली नाही, तर देऊन टाकू परवानगी."

परिशिष्ट क हा खैरनारांच्या पदविकेचा परिपाक होता. त्यात वीस बाबी होत्या. कॅमेऱ्याची बनावट, वजन, वीजवापर, भिंतीपासूनचे अंतर, दृश्यकोन, ध्वनिग्रहणाची सोय, तो दूरवरून उघडून पाहण्याची पद्धत, सगळे क्रमाने. एकही रकाना मोकळा नव्हता. मोकळा रकाना म्हणजे बुद्धीची गळती, असे ते हाताखालच्या मुलांना सांगत असत.

पंधरा दिवस लोक येता-जाता ते परिशिष्ट वाचत होते. हरकत कोणीही घेतली नाही. त्या काळात सल्ले मात्र पुष्कळ आले. शेजारच्या संध्या गायधनी दारातच म्हणाल्या, "भाऊजी, कॅमेरा-बिमेरा ठीक आहे, पण माझं ऐका. त्र्यंबकला जाऊन एखादी शांत करून घ्या. माझ्या नणंदेचा मुलगा कॅनडात, सहा महिने फोन नाही. शांत केली आणि आठ दिवसांत फोन आला."

"काय म्हणाला?"

"पैसे पाठवा म्हणाला. पण फोन आला की नाही?"

भोकाच्या दिवशी दत्तू इलेक्ट्रिशियन ड्रिल मशीन घेऊन हजर झाला. खैरनारांनी त्याच्या हातात भिंतीचा नकाशा ठेवला. दत्तूने नकाशा उलटा धरला, सुलटा धरला आणि म्हणाला, "साहेब, मी अंदाजानं पाडतो ना. रोज दहा पाडतो."

"अंदाज नाही. जमिनीपासून दोन हजार एकशे चाळीस मिलिमीटर."

दत्तूने बरोबर दोन हजार एकशे चाळीसवर ड्रिल लावले आणि भिंतीतून कारंजे उडाले. गायधनींच्या नळाचा पाइप तेथून जात होता. संध्यावहिनी तोंडाला साबण लावलेल्या अवस्थेत बाहेर आल्या आणि जे बोलल्या त्यात 'भाऊजी' हा शब्द नव्हता. दत्तू भिजत उभा राहून एवढेच म्हणाला, "अंदाजानं पाडलं असतं तर वाचलो असतो." खैरनारांनी इमारतीचा मूळ नकाशा मागवून तपासला. पाइप नकाशाप्रमाणे तिथे नव्हताच. त्यांचे मोजमाप अचूक होते. चुकली होती ती इमारत.

पाइप, प्लास्टर, रंग आणि गायधनींची समजूत, हे सगळे उरकून कॅमेरा एकदाचा टीव्हीच्या वर बसला. त्याच्या खाली काचेच्या कागदात मढवलेली 'कार्यपद्धती' लागली. घरकामाला येणाऱ्या, पेठ तालुक्यातल्या रंगूबाईंनी तो पहिल्या दिवशी पाहिला आणि केरसुणी खाली ठेवली.

"सायेब, ह्यो डोळा कशाला?"

"हर्षालीला तिकडून घर दिसावं म्हणून."

"मंग मी बी दिसंन?"

"दिसाल की."

"पोरीला दिसंल तं काय नाय. पन लय बघतोय मेला. झाकण हाय का याला?"

झाकण नव्हते.

त्या रात्री हर्षालीला वापराच्या सूचना पाठवण्यात आल्या. तिने अंगठा पाठवला. आणि चौथ्या दिवशी खैरनारांनी मोबाइलवर पाहणीचा तपशील उघडला, तेव्हा त्यांचे डोळे पाणावले. कॅमेरा उघडून पाहिल्याचा त्या दिवसाचा कालावधी: चार तास वीस मिनिटे. दुसऱ्या दिवशी पाच तास दहा मिनिटे. आठवडाअखेर सहा तास चाळीस.

पोर दिवसाला सहा तास चाळीस मिनिटे घर बघत होती! ज्या मुलीकडून रविवारी 'ठीक' या पलीकडे शब्द निघत नव्हता, ती तिकडे परदेशात बसून आपल्या बापाकडे बघत होती. खैरनारांनी हे कोणाला सांगितले नाही. पण त्यांच्या वागण्यात मोठा फेरबदल झाला. ते सकाळी आठ वाजता दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्यावर कॅमेऱ्यासमोर बसू लागले. दुपारची डुलकी त्यांनी आतल्या खोलीत हलवली. वर्तमानपत्र मोठ्याने वाचू लागले, म्हणजे मुलीला देशातल्या घडामोडी कळाव्यात. मधूनच पेपर खाली ठेवून कॅमेऱ्याकडे बघत आणि म्हणत, "शिस्त हवी. शिस्तीशिवाय काही नाही." सविताबाई स्वयंपाकघरातून विचारत, "कुणाशी बोलताय?" तर उत्तर येई, "सर्वसाधारण."

भांडणाचीही नवी व्यवस्था झाली. मतभेद झाल्यास दोघांनी आतल्या खोलीत जायचे असा नियम होता. सविताबाईंनी तो एकदाच पाळला आणि मग ड्राय बाल्कनीत जाऊन धुणे वाळत घालणे पसंत केले.

पुढच्या रविवारी त्यांनी मुलीला, रकान्यांच्या बाहेर जाऊन, हळुवारपणे सांगितले, "बेटा, एक सूचना. आमच्याकडे बघणं जरा कमी केलंस तरी चालेल. अभ्यास महत्त्वाचा."

पलीकडून काही क्षण काहीच आले नाही. मग आवाज आला, "बरं, पप्पा."

खैरनारांनी पत्रकात नोंद केली: 'ध्वनिसंपर्कात तीन सेकंदांचा खंड. कंपनीकडे तक्रार करणे.' केली. कंपनीच्या माणसाने येऊन लाइन तपासली आणि लाइनमध्ये कोणताही दोष नाही असे लिहून दिले. खैरनारांनी त्या माणसाला अननुभवी ठरवले.

दरम्यान इमारतीत एक चमत्कार सुरू झाला होता. संध्यावहिनी जिन्यात म्हणाल्या, "काल पिठलं छान झालं होतं वाटतं, भाऊजी. दोनदा घेतलंत." खैरनारांना वाटले, वास गेला असेल. मग तळमजल्यावरचे एक गृहस्थ लिफ्टमध्ये म्हणाले, "तो निळा शर्ट तुम्हाला जास्त शोभतो, साहेब. पिवळ्यात आजारी दिसता." खैरनारांनी निळा शर्ट गेल्या चार दिवसांत घराबाहेर घातलाच नव्हता. एके सकाळी तर कोठावदे पार्किंगमध्ये नमस्कार न करता निघून गेले. आदल्याच संध्याकाळी खैरनार आपल्या हॉलमध्ये सविताबाईंना म्हणाले होते, की या कोठावद्याला शिक्का आणि दगड एकत्र दिले तर तो दगडावर शिक्का मारून पावती मागेल. योगायोगाचे प्रमाण वाढत होते. पण योगायोगासाठी त्यांच्याकडे पत्रक नव्हते.

उलगडा झाला तो सोसायटीच्या मासिक सभेत, पाण्याच्या टाकीच्या विषयानंतर. कोठावद्यांनी विचारले, "आयत्या वेळचे विषय?" आणि संध्यावहिनींनी निरागसपणे हात वर केला.

"माझी एक छोटी सूचना आहे. भाऊजींनी कॅमेरा थोडा उजवीकडे वळवावा. रोज साडेचारला हर्षालीचा फोन आला की सविताताई ड्राय बाल्कनीत जातात. एवढ्या हसतात, एवढ्या हसतात! आवाज येतो, पण ड्राय बाल्कनी काही कॅमेऱ्यात येत नाही."

कोणीतरी "वहिनी!" म्हणून कोपर मारले. बाकीचे टाकीच्या खर्चाचा कागद पुन्हा वाचू लागले.

खैरनार उठले. घाई न करता नोटीस बोर्डापाशी गेले. परिशिष्ट क अजून तिथेच होते; कोठावद्यांनी लावलेला कागद काढण्याची पद्धत नव्हती. बाब क्रमांक सतरा: 'दूरवरून पाहण्याची पद्धत.' आणि त्यापुढे, त्यांच्या स्वतःच्या रेखीव हस्ताक्षरात, वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड. मोकळा रकाना म्हणजे बुद्धीची गळती. खाली त्यांची सही होती आणि सहीच्या वर छापील वाक्य: 'वरील माहिती परिपूर्ण व बिनचूक आहे.'

होतीच. तिच्यात चूक काढायला त्यांनाही जागा नव्हती.

मागून कोठावदे म्हणाले, "हरकतींसाठी पंधरा दिवस दिले होते, साहेब. तुम्हीसुद्धा घेऊ शकला असता." हे दगडाचे उत्तर होते. आणि ते वर्मी बसले.

जिना चढताना खैरनार पासवर्डाचा विचार करत नव्हते. पासवर्ड ही दुरुस्त होणारी गोष्ट होती. ते साडेचारचा विचार करत होते. साडेचार ही त्यांच्या फेरफटक्याची वेळ. रोजची, ठरलेली, गेली सहा वर्षे एका मिनिटाने न चुकलेली. त्यांच्या वेळापत्रकाचा अचूक उपयोग करून घेणारे कोणीतरी घरातच होते.

"रोज?" त्यांनी सविताबाईंना विचारले.

सविताबाई लसूण सोलत होत्या. खोटे बोलण्याचा विचार त्यांच्या चेहऱ्यावर येऊन परत गेला. "रोज. तिची जेवायची सुट्टी असते तेव्हा."

"मला का सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही पत्रक आणलं असतं."

"काय बोलता रोज?"

"काही नाही हो. ती भात करपल्याचं सांगते. मी रंगूबाईंच्या सुनेचं सांगते." त्यांनी आणखी एक पाकळी सोलली. "महिन्याभरापूर्वी ती आठ दिवस आजारी होती. ताप होता."

खैरनारांनी निळी फाइल उघडली. त्या आठवड्याच्या पत्रकावर, 'प्रकृती' या रकान्यात, लिहिले होते: 'ठीक.' त्यांनी स्वतः सही केली होती. कारखान्यात असे पत्रक त्यांच्या हाती आले असते, तर भरणाऱ्याला त्यांनी खाली बोलावून सर्वांसमोर विचारले असते, की यंत्राजवळ गेला तरी होतास का?

रविवारी सात वाजता फोन लागला, तेव्हा त्यांच्यासमोर पत्रक नव्हते. त्यामुळे हात कुठे ठेवावेत हे त्यांना समजत नव्हते.

"तू कॅमेरा कितीदा पाहिलास?"

"एकदाच, पप्पा."

"का?"

"रागवणार नाही ना? तुम्ही सोफ्यावर बसला होतात. इस्त्रीचा शर्ट घालून. सरळ माझ्याकडे बघत होतात, पापणीसुद्धा हलत नव्हती. मला वाटलं, आता विचारतील खोलीचं तापमान. मी घाबरून बंद केलं."

"पण घर बघायचं होतं ना तुला?"

"आई दाखवते की. परवा मेथी निवडताना दाखवलं. तुम्ही आतल्या खोलीत झोपला होतात ना, तोंड उघडं टाकून? त्याचा तिनं व्हिडिओ काढून ठेवला होता, तोपण दाखवला. दोनदा दाखवायला लावला मी." ती हसली. "पप्पा, मागे तुम्ही म्हणालात, आमच्याकडे बघणं कमी कर. मला वाटलं, आईला फोन करते ते तुम्हाला कळलं आणि आवडलं नाही."

या वेळी तीन सेकंदांचा खंड नाशिकच्या बाजूने पडला. लाइनमध्ये कोणताही दोष नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पासवर्ड बदलला आणि कॅमेरा काढायला स्टुलावर चढले. इतक्यात कोठावद्यांचा निरोप आला, की परवानगीने बसवलेली वस्तू परवानगीशिवाय काढता येणार नाही. अर्ज तीन प्रतींत द्यावा. अर्ज बोर्डावर लागला, आणि ज्या इमारतीने कॅमेरा बसवण्यावर एकही हरकत घेतली नव्हती, तिने काढण्यावर चार घेतल्या. एका हरकतीत लिहिले होते, की ज्येष्ठांना दुपारी विरंगुळा उरणार नाही. प्रश्न शेवटी रंगूबाईंनी सोडवला. त्यांनी फरशी पुसून झाल्यावर ओले फडके पिळले आणि वाळायला कॅमेऱ्यावर टाकले. "आता झोप म्हणावं," त्या म्हणाल्या. त्या कामाला अर्ज लागला नाही.

खैरनारांनी रविवारचा कालावधी रद्द केला. नवा आखला नाही. साडेचारला ते पूर्वीप्रमाणे फिरायला जात राहिले, आणि परत येताना पायऱ्यांवर मुद्दाम खोकत, म्हणजे ड्राय बाल्कनीतल्या हसण्याला आवरते घ्यायला वेळ मिळावा. मुलीशी बोलायचे तर काय बोलायचे, हे त्यांना खरोखरच माहीत नव्हते. चौदा रकाने काढून टाकल्यावर खाली काहीच निघाले नव्हते.

असे अठरा दिवस गेले. मग एका बुधवारी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, त्यांचा फोन वाजला. त्यांचा, सविताबाईंचा नव्हे. पडद्यावर हर्षाली रस्त्याच्या कडेला उभी होती, नाक लाल, तोंडातून वाफ आणि दोन्ही हात काळेकुट्ट.

"पप्पा, सायकलची चेन उतरली! पंधरा मिनिटांनी क्लास आहे. कशी चढवायची? आईला माहीत नसेल."

खैरनार बनियनवर होते. शर्ट घालायला उठावे की नाही, हा विचार त्यांनी अर्ध्यात सोडला.

"रडू नकोस."

"रडत नाहीये, थंडीनं पाणी येतंय डोळ्यांतून."

"बरं. सायकल भिंतीला लाव. फोन खाली दप्तराला टेकवून ठेव, मला चेन दिसू दे. आधी मागच्या चक्रावर चढव. चढली? आता पुढच्या चक्राच्या वरच्या दात्यांत चार कड्या अडकव. मागचं चाक उचल आणि पायडल हातानं पुढे फिरव. सावकाश. बोट सांभाळ, बोट! हां."

कट् असा आवाज आला. चेन चढली. हर्षाली "चढली!" म्हणून अशी ओरडली, की सविताबाई आतून धावत आल्या.

"पप्पा, तुम्ही ग्रेट आहात. तुमच्या बनियनला भोक पडलंय. संध्याकाळी बोलते!" आणि ती गेली.

चेन का उतरली हे खैरनारांना पहिल्या नजरेतच दिसले होते. मागचे चाक पुढे सरकले होते आणि चेनला बोटभर झोल आला होता. चाकाचे दोन नट सैल करायचे, चाक मागे ओढायचे, नट आवळायचे. पाच मिनिटांचे काम. वर्षभर चेन उतरली नसती. चौतीस वर्षांत मूळ दोष जागेवर ठेवून त्यांनी एकही यंत्र चालू करू दिले नव्हते. तसे करणाऱ्या दोघांना त्यांनी लेखी समज दिली होती.

सविताबाईंचे वडील सायकलीच्या दुकानात बसत. त्यांनी नवऱ्याकडे पाहिले. "अहो, चाक मागे ओढून घ्यायला सांगितलं नाहीत?"

"तिला उशीर होत होता."

"संध्याकाळी सांगाल मग."

"बघू," खैरनार म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी सांगितले नाही. गुरुवारीही नाही. चेनचा झोल आणि तिचे रोजचे येणे-जाणे लक्षात घेता ती शुक्रवारी सकाळी, तिकडच्या क्लासच्या सुमारास, पुन्हा उतरायला हवी होती. म्हणजे इथे दोन वाजून दहा मिनिटांनी. असले त्यांचे अंदाज सहसा चुकत नसत. शुक्रवारी पावणेदोनलाच ते फोन मांडीवर घेऊन सोफ्यावर बसले. अंगात तेच भोकाचे बनियन होते. समोर फडके वाळत होते.

दोन वाजून बारा मिनिटांनी फोन वाजला. अंदाजात दोन मिनिटांची चूक निघाली. ती त्यांनी कुठेही नोंदवली नाही.